तेरा सक आणि गुरुजींची तपकीर

आमच्या रोह्याकडे लग्नाच्या मांडवात पंगत बसवणारा एखादा सत्तरीचा गृहस्थ पानं मोजता मोजता मध्येच घसा खाकरला, तर मी हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघते. तेरा ओळी आणि ओळीत सहा पानं असा मामला असला की माझी खात्रीच होते. मी जवळ जाऊन विचारते, "गुरुजींच्या शाळेतले का हो तुम्ही?" गृहस्थ चकित होतात. "व्हय, पण तुमाला कसं कळलं?" म्हणतात. मी सांगत नाही. आपण खाकरलो हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं, आणि भरल्या मांडवात कुणाला कशाला लाजवा.

गुरुजी म्हणजे माझे वडील. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आम्ही अष्टमीला राहायचो आणि त्यांची शाळा कुंडलिकेच्या पलीकडे, रोहा ओलांडून भातशेतीतल्या एका लहानशा गावात. एक खोली, चार इयत्ता, चाळीसेक मुलं आणि एक मास्तर. सकाळी वाचन-लेखन, दुपारी पाढे. पाढ्यांना चारही इयत्ता एकत्र बसायच्या. अण्णा पुढे उभे राहून एक ओळ म्हणायचे, मुलं ती मागून म्हणायची. अकरा झाले, बारा झाले, तेरा सुरू व्हायचे. 'तेरा पंचे पासष्ट'ला आलं की अण्णांच्या नाकाला आठवण यायची. कोटाच्या खिशातून तपकिरीची डबी निघायची. एक चिमूट या नाकपुडीत, एक त्या. डोळे मिटायचे आणि पोटातून एक खोल 'अह्हम्' यायचं. मग डोळे उघडून अण्णा म्हणायचे, "तेरा सक अठ्ठ्याहत्तर."

आता मुलांना सांगितलेलं काय, तर गुरुजी म्हणतील ते म्हणायचं. मुलं बिचारी आज्ञाधारक. चाळीस गळ्यांतून आधी 'अह्हम्' यायचं आणि मग 'तेरा सक अठ्ठ्याहत्तर'. पहिलीतल्या पोरांना विसाच्या पुढचे आकडे ठाऊक नसत, त्यांचे ओठ नुसते हलायचे. पण 'अह्हम्'ची जागा आली की ती जीव तोडून ओरडायची. पाढ्यातली तेवढी एक गोष्ट त्यांना पक्की येत होती.

पुढे पुढे अण्णांनाच ती जागा सोडता येईना. डबी रिकामी असली तरी ते पासष्टला थांबायचे, रिकामी डबी उघडून मिटायचे आणि खाकरायचे. सुट्टीच्या दिवशी घरात ओटीवर बसल्या बसल्या त्यांचा हात खिशाकडे गेला की आई आतून म्हणायची, "तेराला पोचले वाटतं." तिला शाळेचं ओ की ठो माहीत नव्हतं, पण अण्णांच्या नाकावरून ती दुपारची वेळ सांगायची आणि बहुतेक बरोबर सांगायची.

शिकवण्याची अण्णांची एकच पद्धत होती आणि ती एका शब्दात मावायची. 'पुन्हा.' मुलगा चुकला की पुन्हा. बरोबर आला तरी पुन्हा, म्हणजे चुकून बरोबर आलं का ते कळावं. छडी त्यांच्याकडे नव्हती. तिची गरजही नव्हती, कारण छडी खाऊन माणूस मोकळा होतो आणि या शब्दातून सुटका नव्हती. त्यात आमची मुलं शेतकऱ्यांची. आवणी लागली की अर्धा वर्ग चिखलात, कापणी आली की सगळाच वर्ग खाचरात. महिन्याभराने मुलं परत यायची तेव्हा पाढे धुऊन गेलेले असायचे. "आवणीत रोप लागतं आणि पाढे वाहतात," अण्णा म्हणायचे आणि न चिडता दोनापासून सुरू करायचे. वर्षातून दोनदा. त्यांना कंटाळा कसा येत नाही हे मला लहानपणी कोडंच होतं. मला स्वतःला फार लवकर कंटाळा यायचा आणि त्याला मी हुशारी समजायचे.

मीही त्याच शाळेत होते. तिसरीत असताना मी एक शोध लावला. खाकरणं हा पाढ्याचा भाग नाही. मी तो शोध लगेच मधल्या सुट्टीत जाहीर केला. माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "गुरुजी म्हणतात ना? मग?" बाकीच्यांनीही मला वेड्यात काढलं. मग मी ठरवलं, आपल्यापुरतं तरी हे सोडायचं. आई नदीवर कपडे धुवायला बसली की मी शेजारच्या दगडावर बसून तेराचा पाढा म्हणायचे, न खाकरता. सोपं वाटलं होतं. तोंडात पासष्ट आलं की घसा आपोआप आवळायचा. मी तो गच्च धरून ठेवायचे, तर पुढचा आकडा पण आतच राहायचा. पाढा यायला मला जितके दिवस लागले होते, त्याहून जास्त दिवस त्यातलं 'अह्हम्' काढायला लागले. आई कपडे आपटता आपटता म्हणाली, "अगो, एवढं घासशील तर पाढाच फाटंल."

त्याच सुमारास शाळा तपासायला साहेब आले. अंगात पांढरा शर्ट, हातात वही. अण्णांनी नवा सदरा घातला होता आणि तपकिरीची डबी मुद्दाम घरी ठेवली होती. साहेबांनी चौथीतल्या एका मुलाला उभं केलं आणि कुठला तरी पाढा विचारायचा म्हणून विचारलं, "तेरा सक किती रे?" मुलगा ताठ उभा राहिला, नम्रपणे खाकरला आणि म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर." साहेबांनी दुसऱ्याला विचारलं. तो खाकरला. "अठ्ठ्याहत्तर." तिसरी एक लहानशी मुलगी होती, तिचं खाकरणं तर अण्णांपेक्षाही खोलातून आलं. साहेब थोडे मागे सरकले. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाशी धरला.

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "ही गुरुजींची मुलगी का? सांग बाळ, तेरा सक?"

माझ्या आयुष्यातली संधी समोर उभी होती. मी घसा गच्च धरला. जराही खाकरले नाही. स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "एक्क्याण्णव."

वर्गात कुणी हसलं नाही, तेच फार लागलं. अण्णा म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा घसा धरला आणि पुन्हा एक्क्याण्णव म्हणाले. खाकरणं काढताना त्याला चिकटून अख्खी ओळच निघून आली होती आणि मला पत्ता नव्हता. चाळीस मुलांत त्या दिवशी चुकलेली मी एकटी, आणि ती मास्तरांची मुलगी. साहेबांनी वहीत शेरा लिहिला. पाठांतराची तयारी चांगली आहे, मुलांच्या घशाकडे लक्ष द्यावे. चार दिवसांनी दवाखान्यातला एक माणूस जांभळ्या पाण्याची मोठी बाटली घेऊन आला. सगळ्या शाळेने पडवीत रांग लावून गुळण्या केल्या. मुलांना ते इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस ती विचारत होती, साहेब परत कधी येणार.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी अण्णा आणि मी पुलावरून घरी येत होतो. मी रागाने धुमसत होते. पुलाच्या मधोमध आल्यावर अण्णा मान वळवून माझ्याकडे पाहत म्हणाले, "खाकरणं का सोडलंस?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की डोळे मिटलेल्या माणसाला काही कळत नाही.

"ते पाढ्यात नाय," मी म्हणाले.

"आता हाय," अण्णा म्हणाले आणि चालू लागले.

त्या पुलावर मी मनाशी पक्कं केलं की मोठेपणी मास्तरीणच व्हायचं आणि ही घोकंपट्टी बंद पाडायची. इतर मुलं बदला घ्यायला चोर-पोलीस होतात, मी शिक्षणशास्त्राकडे वळले.

शिक्षिकेचा कोर्स करायला मी पेणला मावशीकडे राहिले. तिथे मला नवे विचार मिळाले आणि ते माझ्या रागाला अगदी मापात बसले. मुलाने समजून शिकावं, नुसतं पाठ करू नये, मी वहीत लिहून घ्यायचे आणि खाली दोन रेघा मारायचे. संध्याकाळी घरी आले की मावशीचं वेगळंच विद्यालय सुरू असायचं. मावशी पोह्याचे पापड करायची. पेणला ते घरोघरी चालतं. पोह्याचं पीठ तेलाच्या हाताने कुटायचं, त्याच्या सुपारीएवढ्या लाट्या तोडायच्या आणि पोळपाटावर लाटायच्या. राहायचं-जेवायचं मावशीकडे, तर हात लावणं आलंच.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, जाडी किती ठेवायची?"

"पातळ."

"पण पातळ म्हणजे किती? लाटताना जोर मधून द्यायचा की कडेने? त्यामागचं तत्त्व सांग ना."

मावशीने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तत्त्व नाय गो. लाटणं हाय. ते फिरव."

माझे पहिले पापड आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या नकाशासारखे झाले, खाड्यांसकट. मावशी फाटलेला पापड उचलायची, गोळा करून माझ्याच पोळपाटावर ठेवायची. आपला पापड आपणच परत लाटायचा, दुसरीने हात लावायचा नाही, असा त्या ओटीवरचा नियम होता. एकच लाटी मी सात-सात वेळा लाटलेली आहे. शेजारच्या घरातली आठ वर्षांची मुलगी माझ्या बाजूला बसून भराभर गोल पापड टाकायची आणि मला धीर द्यायची, "होतंय बाय, होतंय." तिला विचारलं कसं करतेस, तर तिने आपल्या हातांकडे असं पाहिलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचे होते.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मी मावशीशी वर्गातल्या कुणाची तरी कुचाळकी करण्यात रंगले होते आणि सहज खाली पाहिलं. पोळपाटावर पापड होता. गोल होता, पातळ होता, खालच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या. मी म्हणाले, "मावशी, बघ." आणि कौतुकाने पुढचा लाटायला घेतला तो टर्रकन फाटला. मावशी म्हणाली, "बघायला कोणी सांगितलं?" या गोष्टीची नोंद मी वहीत केली नाही. कोर्सच्या विरुद्ध जात होती.

नोकरी लागली रोहा तालुक्यातच. माझ्या पहिल्या वर्गात मी शैक्षणिक साहित्य म्हणून चिंचोके नेले. सहा-सहा चिंचोक्यांचे तेरा ढीग मांडले. मुलांना सांगितलं, मोजा. मुलांनी मोजले. अठ्ठ्याहत्तर आले, त्यांनी स्वतः शोधले, मला धन्य वाटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेरा सक किती? मुलं म्हणाली, "बाई, चिंचोके द्या." तिसऱ्या दिवशी चिंचोके पंचाहत्तरच भरले, कारण तीन कुणी तरी भाजून खाल्ले होते, आणि वर्गाने एकमताने उत्तर दिलं, पंचाहत्तर.

हे मी अण्णांना सांगायला नको होतं. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांना करमणूक हवीच होती. मी अष्टमीला गेले की ओटीवरून हाक यायची, "काय बाई, आज तेरा सक किती? भाव उतरला का?" मीही गप्प बसणारी नव्हते. त्यांच्या एका विद्यार्थ्याने आवणीला तेरा ओळींत रोपांच्या सहा-सहा जुड्या टाकलेल्या असताना त्या एकेक करून कशा मोजल्या, पाढा येत असून, ते मी त्यांना ऐकवायचे. त्याला विचारलं तर तो म्हणाला होता, पाढा शाळेतला, जुड्या शेतातल्या. अण्णा यावर गंभीर व्हायचे. "ते खरं," म्हणायचे. "ते माजं राहिलं." मग डबी काढायचे. असे आम्ही दोघं कित्येक वर्षं भांडलो आणि दोघांनाही त्याची गोडी होती. माझ्या वर्गात मी हळूच पाढे म्हणून घ्यायला लागले होते, चिंचोक्यांबरोबर. ते मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलं.

आणि मग अण्णांचं बोलणंच गेलं.

सकाळी चहा पिताना कप हातातून पडला. उजवं अंग लुळं झालं. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा पाय थोडा हलत होता, डोळ्यांत ओळख होती, बोललेलं सगळं कळत होतं, पण तोंडातून फक्त 'ता' यायचं. पाणी हवं तर 'ता', कूस बदलायची तर 'ता'. जन्मभर मुलांकडून पाढे म्हणवून घेतलेला माणूस 'ता ता' करायचा, मग स्वतःचंच ऐकून ओशाळायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. मला ते बघवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रोज सराव घ्या. वस्तू दाखवा, नाव सांगा, म्हणायला लावा. आलं तर येईल. नाही आलं तर हे असंच राहील.

आई त्यांच्याजवळ बसून भात भरवायची. एकदा ती मला म्हणाली, "मला काय मोठं बोलणं नको. भाकर नको, पाणी दे, एवढं त्यांच्या मनातलं बोलले तरी बास." आई कधी काही मागणारी बाई नव्हती. त्यामुळे ते माझ्या डोक्यात बसलं.

मी कामाला लागले. शिकवणं माझा धंदाच होता. मी पुठ्ठ्याची कार्डं केली. तांब्या, कंदील, होडी, आंबा, खाली ठळक अक्षरांत नाव, रंगवलेली. लग्नानंतर आम्ही नदीच्या रोह्याकडच्या अंगाला, वरश्याला राहत होतो. शाळा सुटली की मी आणि माझी मुलगी, ती तिसरीत होती, पूल ओलांडून अष्टमीला जायचो. मी खाटेशी बसून कार्ड दाखवायचे. "अण्णा, हा तांब्या. म्हणा, तां-ब्या." अण्णा तांब्याकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. 'ता' यायचं आणि तिथेच अडायचं. दहा मिनिटांत ते दमायचे, पंधराव्या मिनिटाला मी. महिनाभर हे चाललं. एक दिवस त्यांनी डाव्या हाताने आंब्याचं कार्ड उचललं आणि खाटेखाली टाकलं. मी ते उचलून परत दाखवलं नाही. मला रडू आलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

बाहेर माझी मुलगी खाटेच्या कडेला बसून शाळेचा अभ्यास करत होती. तेराचा पाढा. घरी मी तिला तो कधी शिकवला नव्हता, तो तिला तिच्या बाई शिकवत होत्या. हेल काढून, पाय हलवत ती म्हणत होती. तेरा चोक बावन्न. तेरा पंचे पासष्ट. आणि मग माझ्या मुलीने घसा खाकरला.

माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मला आठवलं, तिच्या वर्गाच्या बाई म्हणजे तिसरीत माझ्या शेजारी बसणारी तीच मुलगी, "गुरुजी म्हणतात ना?" म्हणणारी. मी जे नदीवर बसून घासून काढलं होतं ते मला बगल देऊन माझ्या पोरीपर्यंत पोचलं होतं. मी हसणार, एवढ्यात बाहेर दुसरं खाकरणं ऐकू आलं. खोल, पोटातलं. आणि त्यामागून जड जिभेने, पण स्पष्ट, "तेरा सक अठ्ठ्याहत्तर."

आई न्हाणीतून ओल्या हातांनी धावत आली. अण्णा आढ्याकडे बघत होते आणि म्हणत होते. तेरा साते एक्क्याण्णव. तेरा आठे एकशेचार. तेरा दाहे एकशेतीस करून ते थांबले आणि स्वतःच दचकले. मुलीला यात विशेष काही वाटलं नाही. तिने विचारलं, "आजोबा, आता चौदाचा?"

मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं. ते चांगले होते, त्यांनी मला खोटी आशा दिली नाही. म्हणाले, हे होतं. लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं ते वेगळ्या वाटेने येतं. आरत्या येतात, पाढे येतात. पण ते म्हणजे बोलणं नव्हे. मनातलं सांगता आलं, तर ते बोलणं. ते येईलच असं नाही. मी परत आले आणि आईला अर्धंच सांगितलं.

तरी पाढे चालू ठेवले. ठेवले म्हणजे मुलीने ठेवले. माझ्याने ते होत नव्हतं. रोज संध्याकाळी तेच, तेराचा पाढा दहा वेळा, पंधरा वेळा, मला चौथ्या वेळेला जांभई यायची. मुलीला कधी आली नाही. ती खाटेवर मांडी घालून बसायची, स्वतः एक ओळ म्हणायची, आजोबांना एक द्यायची. ते अडले की वाट बघायची, त्यांच्या तोंडाकडे टक लावून. संपला की दोघं एकमेकांकडे बघून हसायची आणि ती पहिल्यापासून सुरू करायची. झोपताना तीच ती चिमणीची गोष्ट वर्षभर मागणारी ही पोर. त्या मागणीला मी हट्ट म्हणायचे. इतकी वर्षं मुलांना शिकवून मला कळलं नव्हतं की तेच ते करण्याचा कंटाळा मोठ्या माणसांना येतो, मुलांना नाही, आणि अण्णांना तो कधीच आला नव्हता.

असे तीन महिने गेले. पाढे दोन ते वीस यायला लागले. पाणी मागायला मात्र अजून 'ता'च.

एका संध्याकाळी मुलीला ताप होता, म्हणून मी तिला घरी ठेवून एकटीच गेले. अण्णा दाराकडे बघत पडले होते. माझ्या मागे कुणी नाही हे पाहून त्यांचा चेहरा उतरला. आई आत भाकऱ्या करत होती. मी म्हटलं, अण्णा, आज माझ्याबरोबर म्हणा. खाटेवर बसले, मांडी घातली आणि सुरू केलं. तेरा एके तेरा. त्यांनी दुणे म्हटलं. मी त्रिक, त्यांनी चोक. तेरा पंचे पासष्ट, मी म्हणाले, आणि पुढची पाळी त्यांची हे विसरून तशीच पुढे गेले, तेरा सक अठ्ठ्याहत्तर. न खाकरता. मी ते मुद्दाम केलं नव्हतं, मला आता तसाच येत होता.

अण्णा पुढची ओळ म्हणेनात. मला वाटलं अडले. मी वाट पाहिली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुलावर पाहिलं होतं तसं. ओठ हलले, परत मिटले. कपाळावर घाम आला. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "राहू दे अण्णा." त्यांनी हात सोडवून घेतला, जिभेला जोर दिला आणि म्हणाले, "पुन्हा."

आतली भाकरी थापणं थांबलं. आई पिठाच्या हातांनी दारात आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदराने डोळे पुसले, तर पीठ गालावर लागलं. "एवढ्या महिन्यांनी मनातलं बोलले," ती म्हणाली, "ते पण हिच्यावर ओरडायला."

मला हसूही येत होतं आणि रडूही. दोन्ही एकदम येत असताना पाढा म्हणणं अवघड आहे. पण अण्णा वाट बघत होते आणि त्यांना घाई नव्हती. मी तेरा एकेपासून सुरू केलं. पासष्टला आले, थांबले आणि तीस वर्षांनी घसा सोडून नीट खाकरले.